चोवीस ट्रॅक, एकच टेप

"सर, हे तुम्ही ग्रुप केलंय?" गोंधळाच्या एका गाण्याचं मिक्सिंग ऐकायला आलेल्या तरुण रेकॉर्डिस्टने माझ्या स्क्रीनकडे बोट दाखवून विचारलं. बावीस ट्रॅक होते. प्रत्येक ट्रॅकवर टेपचा प्लगिन होता आणि बावीसही प्लगिन एकाच ग्रुपमध्ये बांधलेले होते. गाणं अजून सुरू व्हायचं होतं, संबळाचा एक ठोकाही त्याच्या कानावर पडला नव्हता. पण निकाल तयार होता. "म्हणजे शॉर्टकटच की!"

मुलगा गुणी आहे, कानही चांगला आहे. हे वाक्य त्याचं स्वतःचं नाही, कुठूनतरी उचललेलं आहे. नगरच्या सावेडीपासून संगमनेर-श्रीरामपूरपर्यंत जिथे म्हणून एका खोलीला फोम ठोकून स्टुडिओ झालाय, तिथे ते या ना त्या रूपात ऐकू येतं. आणि इतक्या ठसक्यात म्हटलं जातं की आता त्याचा समाचार घेतल्याशिवाय राहवत नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. पूर्वी गाणं चुंबकीय टेपवर ध्वनिमुद्रित व्हायचं. टेपला आवाज जसाच्या तसा साठवता येत नसे. जोरात आलेला आवाज ती थोडा दाबायची, त्यात पदरचे काही हार्मोनिक मिसळायची, खर्जाला जरा फुगवायची आणि या सगळ्यावर एक बारीक सुसकारा ठेवून द्यायची. हे सगळे दोषच. पण माणसाच्या कानाला ते गोड लागले. संगणकावर रेकॉर्डिंग सुरू झालं, दोष गेले आणि लोकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं. म्हणून त्या दोषांची हुबेहूब नक्कल करणारे प्लगिन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम, आले. स्लेट, यू-ही, युनिव्हर्सल ऑडिओ अशा कंपन्यांचे विकतचे, आणि जतिन चौधुरी या संशोधकाचा 'चाउ टेप' फुकटचा. यांच्यात एक सोय असते. अनेक ट्रॅकवर लावलेले प्लगिन एकत्र बांधायचे. एकावर बटण फिरवलं की सगळ्यांवर फिरतं. वाद आहे तो या सोयीवरून.

विरोधकांचं म्हणणं, त्यांच्यावर अन्याय न करता, असं मांडता येईल. प्रत्येक वाद्याचा स्वभाव वेगळा, म्हणून टेपची सेटिंगही प्रत्येकाला वेगळी हवी. संबळाला एक स्पीड, गळ्याला दुसरा, तुणतुण्याला तिसरा. सगळ्यांना एका दावणीला बांधणाऱ्याला एकतर कान नाहीत, नाहीतर वेळ नाही. एवढे कष्ट घ्यायचे नसतील तर मास्टरवर, म्हणजे सगळ्या ट्रॅकच्या बेरजेवर, एकच टेप लावावी आणि मोकळं व्हावं, बावीस कशाला? शिवाय हे ऐकणार कोण? माणसं गाणी मोबाइलवर ऐकतात. आणि शेवटी छाती पुढे काढून मारलेला टोला: आपल्या मातीच्या संगीताला ही परदेशी थेरं हवीत कशाला?

एकेक घेऊ.

पहिलं, प्रत्येक वाद्याला वेगळी सेटिंग. स्टुडर कंपनीची ए-८०० ही मशीन १९७८ मध्ये आली आणि पुढे कित्येक वर्षं मोठमोठ्या स्टुडिओंमध्ये तिचा दबदबा राहिला. दोन इंच रुंदीची टेप आणि तिच्यावर शेजारी शेजारी चोवीस ट्रॅक. आता या चोवीस ट्रॅकना वेगवेगळे स्पीड कसे द्यायचे ते कुणीतरी मला समजावून सांगावं. टेप कात्रीने उभी चिरायची? टेप ओढणारा दांडा, ज्याला कॅपस्टन म्हणतात, तो एकच. तो सेकंदाला पंधरा इंच ओढू लागला की चोवीसही ट्रॅकना पंधरा, तीस ओढू लागला की सगळ्यांना तीस. टेप कोणत्या कंपनीची आणि कोणत्या जातीची, हेही चोवीस जणांत मिळून एकच. ड्रमवाल्याने हट्ट धरला म्हणून त्याच्यापुरती वेगळी टेप कुणी आणून दिली नाही.

यावर एखादा जाणकार म्हणेल, अहो, जुने तंत्रज्ञ तर प्रत्येक ट्रॅकचं बायस (आवाज टेपवर नीट उमटावा म्हणून त्यात मिसळलेला प्रवाह) आणि ईक्यू (खर्ज आणि धार यांचा तोल) स्वतंत्र जुळवत बसायचे. बसायचे ना! टेस्ट टेप लावून, पेचकस हातात घेऊन, एकेक ट्रॅक करत बसायचे. कशासाठी? तर चोवीसही ट्रॅक सारखे वागावेत यासाठी. ज्या कष्टाचा दाखला तुम्ही वेगळेपणासाठी देता, ते कष्ट वेगळेपण घालवण्यासाठी होते.

म्हणजे ज्या वस्तूची नक्कल करायला आपण निघालो, ती वस्तूच मुळात एक ग्रुप होती. बावीस ट्रॅकना बावीस स्पीड आणि बावीस जातींच्या टेपा देणारा माणूस बावीस मशीन एकाच वेळी चालवतो आहे. ही चैन त्या काळातल्या कुठल्या स्टुडिओला परवडली होती? तुम्हाला तसा आवाज हवा असेल तर खुशाल करा, संगीतात बंदी कशालाच नाही. फक्त त्याला 'अस्सल टेपचा आवाज' म्हणू नका. आणि अस्सल मशीनसारखं वागणाऱ्याला शॉर्टकटवाला तर मुळीच म्हणू नका.

याच मुद्द्याचं आणखी एक अंग आहे आणि ते कानाला लगेच झोंबतं. कुठलीही मशीन टेप अगदी समान गतीने ओढू शकत नाही. गती किंचित डोलते. या डोलणीला वाव आणि फ्लटर म्हणतात. खऱ्या मशीनमध्ये ही डोलणी सगळ्या ट्रॅकची मिळून एक असते, कारण ओढणारा हात एक. आता माझ्या गाण्यातला संबळ घ्या. त्याच्या दोन भांड्यांना जवळून दोन माइक आणि थोडा लांब एक तिसरा. तिसऱ्या माइकपर्यंतचं अंतर चौतीस सेंटिमीटरने जास्त असेल तर आवाज तिथे साधारण एक मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. हे ट्रॅक एकत्र केले की पाचशे हर्ट्झच्या आसपास एक खड्डा पडतो. तो एका जागी राहिला तर कान त्याला सरावतो, माइक सरकवून तो हलवताही येतो. पण प्रत्येक ट्रॅकवरचा प्लगिन आपापल्या मनाने डोलू लागला तर हा उशीर क्षणाक्षणाला बदलतो आणि खड्डा वरखाली धावू लागतो. संबळ पाण्याखाली गेल्यासारखा वाजतो. मग म्हणायचं, टेपने मजा नाही आणली!

ग्रुप केला की डोलणी आपोआप एक होतेच, असं प्रत्येक प्लगिनमध्ये नसतं हे मला माहीत आहे. तपासायला दोन मिनिटं लागतात. एकच ट्रॅक दोनदा टाका, दोन्हीवर प्लगिन लावून एका ग्रुपमध्ये घ्या आणि एकाची फेज उलटी करा. सगळं शांत झालं तर दोन्ही एका तालात आहेत. मागे काही वळवळ उरली तर डोलणी नाहीतर सुसकारा वेगवेगळा चालू आहे. जे वेगळं चालत असेल ते त्या ग्रुपसाठी बंद करा. ग्रुपला नावं ठेवणाऱ्यांपैकी किती जणांनी ही दोन मिनिटं खर्च केली आहेत?

दुसरा आरोप आळसाचा, सगळ्यांना एकच चटणी वाढल्याचा. हा आरोप आपल्या जिल्ह्यात व्हावा याचं मला विशेष नवल वाटतं. प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याला सत्तर वर्षं उलटून गेली. तेव्हापासून इथल्या पोराटोरालाही कारखाना कसा चालतो ते ठाऊक आहे. गाडी आधी काट्यावर जाते. ज्याचा त्याचा ऊस वेगळा मोजला जातो, पावती वेगळी फाटते. मग सगळ्यांच्या मोळ्या एकाच गव्हाणीत पडतात. गव्हाण एक आहे म्हणून शेतकरी आळशी ठरत नाही, आणि प्रत्येकाला आपल्या बांधावर वेगळी गव्हाण हवी असं कुणी म्हणत नाही.

टेपच्या ग्रुपचंही तसंच आहे. स्पीड, टेपची जात, बायस, सुसकारा ही गव्हाण आहे. ती एकच हवी. काटा म्हणजे प्लगिनमध्ये शिरणारी पातळी. ती प्रत्येक ट्रॅकची वेगळी हवी. खऱ्या मशीनवरही तसंच होतं. टेप सगळ्यांची एक, पण कोणता ट्रॅक तिच्यावर किती जोराने आदळायचा हे मिक्सरच्या फेडरवर रेकॉर्डिस्ट ठरवायचा. हलगी किती दाबायची, गळा किती मोकळा सोडायचा, ही सगळी कला त्या एका आकड्यात होती. प्लगिन ही पातळीसुद्धा ग्रुपमध्ये ओढत असेल तर त्याच्या आधी एक साधा ट्रिम, म्हणजे पातळी कमी-जास्त करणारं बटण, लावा. झाला काटा तयार.

खरी गंमत इथेच आहे. 'ग्रुप केला आणि सगळं चेपलं' अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचे प्रोजेक्ट मी उघडून पाहतो. बहुतेक प्लगिनमध्ये सुईवरचा शून्य उणे अठरा डेसिबलच्या जवळपास बसवलेला असतो, आणि यांचे ट्रॅक उणे तीनला टेकलेले असतात. शिवाय सुईवाला व्हीयू मीटर संथ असतो, त्याला शून्यावर पोहोचायला तीनशे मिलिसेकंद लागतात. हलगीचा ठोका तेवढ्या वेळात येऊन निघूनही जातो. सुई शांत दिसते आणि खाली टेपचा भुगा झालेला असतो. दोष काट्याचा, शिक्षा गव्हाणीला!

राहिला आळस. बावीस प्लगिन, प्रत्येकावर निदान सहा बटणं. एकशे बत्तीस. पंधराऐवजी तीस इंचांवर गाणं कसं वाजतं हे ऐकायचं असेल तर विरोधक एकेक करत बावीस ठिकाणी स्पीड बदलतो. शेवटच्यापर्यंत पोहोचेस्तोवर पहिल्याचा आवाज कसा होता हे विसरलेला असतो. मी एक बटण दाबतो आणि त्याच ओळीवर, त्याच ठेक्यावर दोन्ही ऐकतो. समोर बसलेल्या गोंधळ्यांना पाथर्डीची शेवटची एसटी गाठायची असते. तुलना करता येणं म्हणजे आळस आणि बटणं फिरवत बसणं म्हणजे साधना, हे कुठलं शास्त्र? ती हमाली आहे. साधना कानाने करायची असते.

आता तिसरं, मास्टरवर एकच टेप लावण्याचं. यात अर्धं सत्य आहे, तेवढं देऊन टाकतो. टेपचं जे काम सरळ रेषेतलं आहे, म्हणजे खर्ज फुगवणं किंवा वरची धार थोडी बोथट करणं, ते बावीस ट्रॅकवर सारखंच केलं काय आणि बेरजेवर एकदा केलं काय, उत्तर तेच. तेवढ्यासाठीच टेप हवी असेल तर खरंच मास्टरवर लावा. किंबहुना साधा ईक्यू लावा, टेपचे पैसेही वाचतील.

पण टेप लोकांना आवडली ती या सरळ कामामुळे नाही, तिच्या वाकड्या चालीमुळे. जोर वाढला की ती दाबते, आणि दाबताना नवे सूर तयार करते. इथे बेरीज आधी की दाब आधी, याने सगळं बदलतं. मास्टरवर एकच टेप असेल तर संबळाचा ठोका पडताच सगळं गाणं दबतं. ठोका संबळाचा, वाकतो गोंधळ्याचा गळा. दुसरं त्याहून वाईट. एका टेपवर तीनशे आणि चारशे चाळीस हर्ट्झचे दोन सूर एकत्र आदळले तर त्यांच्या भांडणातून एकशे साठ आणि पाचशे ऐंशी असे दोन उपरे जन्माला येतात. ते कुणी गायलेले नसतात, कुणी वाजवलेले नसतात, आणि गाण्याच्या सुरावटीशी त्यांचं नातं असेलच असं नाही. वेगवेगळ्या ट्रॅकवर गळा आणि तुणतुणं एकमेकांना भेटतच नाहीत. गळ्याचे हार्मोनिक गळ्याचे, तुणतुण्याचे तुणतुण्याचे. घुसमट होत नाही.

आणि मास्टर की ट्रॅक, हा झगडा लावला कुणी? चोवीस ट्रॅकचं मिक्स पूर्वी पुन्हा एका दोन ट्रॅकच्या मशीनवर उतरवलं जायचं. आवाज टेपवरून दोनदा जायचा. स्लेटच्या प्लगिनमध्येच पाहा: दोन इंची सोळा ट्रॅकची मशीन आहे आणि अर्धा इंची दोन ट्रॅकचीही आहे. पहिली ट्रॅकसाठी, दुसरी मास्टरसाठी. बनवणाऱ्याने दोन्ही दिल्या, आपण एकीवरून दुसरीला शिव्या देतो.

विरोधकांना एक खरा आक्षेप घेता आला असता, तो त्यांना सुचलाच नाही. तोही मीच मांडतो. सुसकाऱ्याची बेरीज होते. वेगवेगळा सुसकारा सोडणाऱ्या ट्रॅकची संख्या दुप्पट झाली की गोंगाट तीन डेसिबलने वाढतो. चोवीस ट्रॅकचा मिळून एका ट्रॅकपेक्षा जवळजवळ चौदा डेसिबल जास्त. प्लगिन सगळीकडे हुबेहूब तोच सुसकारा सोडत असेल तर वाढ त्याच्या दुप्पट. पावसाळ्यातला पत्रा वाजल्यासारखं वाटेल. पण याचं उत्तर काय? ग्रुपमधलं सुसकाऱ्याचं एक बटण बंद करणं! ज्यांनी ग्रुप केला नाही त्यांनी बावीस ठिकाणी जाऊन ते बंद करावं. एखादं राहून गेलं तर शोधत बसावं.

चौथं, ऐकणारे मोबाइलवर ऐकतात. हे ज्या तुच्छतेने म्हटलं जातं त्याचीच मला चीड आहे. यात्रेहून परतताना खिशातल्या फोनवर देवीचं गाणं ऐकणारा माणूस हा आमचा खरा श्रोता आहे. त्याला कमी प्रतीचं चालतं, असं ठरवणारे आपण कोण? आणि तुच्छता बाजूला ठेवली तरी हिशेब उलटाच निघतो. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला ऐंशी हर्ट्झ झेपत नाही. संबळाचं बोजड भांडं त्यात गायब होतं. टेप मात्र त्या ऐंशीतून तिसरा हार्मोनिक दोनशे चाळीसला आणि पाचवा चारशेला तयार करते. फोन तेवढं वाजवतो, आणि खालचा मूळ सूर नसला तरी कान स्वतःहून ती जागा भरतो. मोठ्या स्पीकरवाल्याचं टेपवाचून एकवेळ भागेल. फोनवाल्यालाच ती जास्त हवी. त्यासाठी ती संबळाच्या ट्रॅकवर हवी, मास्टरवर नव्हे. नाहीतर त्या एका भांड्यासाठी सगळं गाणं तळून काढावं लागेल.

शेवटचं, परदेशी थेरं. हा मुद्दा काढणारा माणूस जर्मन माइकसमोर, जपानी हेडफोन घालून, अमेरिकन संगणकावर रेकॉर्डिंग करत असतो, ते सोडून देऊ. पण आपल्या कानांवर कशाचे संस्कार झाले याचाही त्याला विसर पडावा? आकाशवाणीची स्पूल टेपच होती. यात्रेत पालाखाली विकली जाणारी भक्तिगीतांची आणि भीमगीतांची कॅसेट टेपच होती. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर इतक्या मंद गतीने फिरणारी, म्हणजे स्टुडिओतल्या पंधरा इंची मशीनच्या आठव्या हिश्श्याने. आपल्या दोन-तीन पिढ्यांनी हलगी, संबळ, ढोलकी यांचा घरातला आवाज टेपमधूनच ओळखला. टेपचा रंग आपल्यावर बाहेरून कुणी फासायला आला नाही, तो आपल्या आठवणींचाच रंग आहे.

आणि परदेशाचीच गोष्ट करायची तर फार लांब जायला नको. नगरहून दौंडच्या रस्त्याला अरणगाव लागतं, तिथे मेहेरबाबांची समाधी असलेलं मेहेराबाद. 'द हू' या इंग्रजी बँडचा पीट टाउनशेंड हा मेहेरबाबांचा भक्त. १९७१ मध्ये आलेल्या त्यांच्या 'बाबा ओ'रायली' या गाण्याच्या नावात मेहेरबाबा आहेत आणि टेरी रायलीही आहे, जो टेपचे तुकडे गोलगोल फिरवून संगीत रचायचा. टाउनशेंड घरच्या स्टुडिओत मल्टिट्रॅक टेपवर एकट्याने गाणी रचायचा. १९७२ च्या 'हू केम फर्स्ट' या त्याच्या अल्बममध्ये मेहेरबाबांच्या प्रार्थनेवरचं गाणंही आहे. अरणगावच्या समाधीचा धागा लंडनच्या टेपपर्यंत जाऊन पोहोचला, आणि त्याच अरणगावपासून चार कोसांवर बसून आम्ही ठरवतो की टेप आपली नव्हे!

तेव्हा विरोधकांच्या पदरात उरलं काय? वेगळेपणाचा मुद्दा मशीननेच खोडला. आळशीपणाचा आरोप काट्याने खोडला. मास्टरचा मुद्दा अर्धाच खरा, आणि तो अर्धा भाग साध्या ईक्यूने भागतो. मोबाइलचा मुद्दा उलटून अंगावर आला. आणि परदेशीपणाचं तर बोलायलाच नको.

उरते ती एक सवय. ज्यात घाम दिसतो तेच काम, अशी. आपल्याकडे ती फार जुनी आहे. गाण्याला मात्र घामाशी देणंघेणं नसतं. बावीस ठिकाणी बावीस बटणं फिरवली म्हणून गोंधळ्याचा सूर लागत नाही. त्याचा गळा, संबळ आणि तुणतुणं एकाच खोलीत, एकाच वेळी, एकाच श्वासात वाजले होते. ते मुळातच एकत्र होते. त्यांना बावीस मशीनवर तोडून टाकायचं आणि मग गाण्यात एकजीवपणा येत नाही म्हणून कपाळाला हात लावायचा, याला मी कलाकारी म्हणायला तयार नाही.

ज्याला अजून पटलं नसेल त्याने माझ्यावर विश्वास ठेवू नये. स्वतःचंच एखादं गाणं घ्यावं. प्रत्येक ट्रॅकला आधी ट्रिम लावून पातळी उणे अठराच्या आसपास आणावी. सुसकारा बंद करावा. मग एकदा ग्रुप करून आणि एकदा मास्टरवर एकच टेप लावून असे दोन मिक्स काढावेत. दोन्हींचा आवाज अगदी समान करावा, कारण जरा मोठं वाजलेलं नेहमी चांगलंच वाटतं. नावं झाकून घरातल्या कुणाला तरी फोनवर ऐकवावं. त्यानंतर माझ्याशी खुशाल भांडावं. न ऐकता मात्र भांडू नये. काटा वेगळा ठेवा, गव्हाण एकच ठेवा. टेप पहिल्यापासून एकच होती.